पौषातली हजेरी

सातारा,
पौष शुद्ध पंचमी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. तारळी खोऱ्यातला हा तुझा पहिलाच हिवाळा. मिरजेच्या मुलीला तिथली थंडी झोंबणार, हे धरूनच चालले होते, पण थंडीपेक्षा हजेरीपटानं तू जास्त हैराण झालेली दिसतेस. अमावास्येला निम्मा वर्ग रिकामा, जत्रा आली की पोरं गायब, आणि रोजचे पाच-सहा जण प्रार्थना संपल्यावर दारात उभे. "बाई, यांना शिस्त कशी लावू?" असं विचारलंयस. शिस्तीचं नंतर बघू. आधी कॅलेंडरात तारखेच्या खाली बारीक अक्षरात तिथी असते ना, ती वाचायची सवय लाव. गाव त्या बारीक अक्षरांवर चालतं.

मला हे फार उशिरा कळलं, आणि एका लेकराला दुखापत झाल्यावर कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला आम्ही स्नेहसंमेलन रात्री घेतलं. पुनव होती, टिपूर चांदणं पडलेलं, वाडीवरची पोरं गाणी म्हणत घरी गेली. पुढच्या वर्षी मी काही न बघता तीच तारीख धरली. बारा चांद्रमासांचे दिवस होतात 354, तारखेच्या वर्षाचे 365. म्हणजे त्याच तारखेला चंद्र अकरा तिथी पुढे गेलेला. त्या रात्री वद्य एकादशी होती, चंद्र उगवणार पहाटे तीनच्या सुमारास. कार्यक्रम संपला आणि लाईट गेली. चौथीतली एक मुलगी पाटाच्या चारीत पडली, घोटा मोडला. तिची आई मला रागावून काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, आवस जवळ आलीया, ठावं नव्हतं व्हय?" ते अजून कानात आहे. तेव्हापासून मी चंद्र बघितल्याशिवाय शाळेचा एकही कार्यक्रम ठरवला नाही.

तू तर विज्ञान शिकवतेस, तुला हे आयतं मिळालंय. महिन्यांची नावं कुठून आली, ते पोरांना आकाशात दाखव. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाच्या आसपास असतो तो मार्गशीर्ष, पुष्याच्या आसपास असतो तो पौष. आता तुमच्या पालच्या खंडोबाचं बघ. पौषात माणसं लग्नं धरत नाहीत, पण देवाचं लग्न पौषातच लागतं, मृग नक्षत्रावर. मग मृगावर चंद्र कधी येणार? पुष्याच्या अलीकडे, म्हणजे पुनवेच्या एक-दोन-तीन दिवस आधी. पाचवीच्या पोराला हे बोटांवर मोजता येतं. जत्रेची तारीख दरवर्षी का हलते, याचं उत्तर त्याचं त्याला सापडलं की त्याचा चेहरा बघ.

मांढरदेवची काळूबाईची यात्रा शाकंभरी पौर्णिमेला. ती 2005 साली 25 जानेवारीला होती. त्या दिवशीची चेंगराचेंगरीची दुर्घटना आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. तीच पौर्णिमा 2026 मध्ये 3 जानेवारीला. साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना धरतात, म्हणून पौष हिवाळ्यातच राहतो, नाहीतर सरकत सरकत पावसाळ्यात गेला असता. आणि यंदाच्या पुनवेला मध्यरात्री एकदा अंगणात उभी राहा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून त्याच्या समोरचा पूर्ण चंद्र आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातो. सावली अगदी पायाशी येते. मे महिन्यातल्या पुनवेला असं होत नाही.

संक्रांत तेवढी चंद्राला मानत नाही, ती सूर्याची. पोरं तुला विचारतील, सर्वांत लहान दिवस 22 डिसेंबरच्या सुमाराला, मग उत्तरायण 14 जानेवारीला कसं? अयनांशाचा, म्हणजे ताऱ्यांवरचं वर्ष आणि ऋतूंचं वर्ष यांच्यात साचत गेलेल्या फरकाचा हिशेब त्यांना मोठेपणी कळेल. त्यांना सूर्योदयाच्या वेळा लिहायला लाव. दिवस डिसेंबरअखेर वाढू लागतो, पण वाढतो तो संध्याकाळच्या बाजूनं. सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराचीच होत जाते, आपल्याकडे सात वाजून गेल्यावर सूर्य दिसतो. ती मागे फिरते संक्रांतीच्या आसपासच. पहाटे उठून धार काढणाऱ्या बाईला दिवस तिळातिळानं वाढल्याचं तेव्हाच जाणवतं, आणि मला तिचं म्हणणं अगदी खरं वाटतं.

आता उशिरा येणाऱ्यांबद्दल. त्यांना दारात उभं करू नकोस, हे मात्र मी हात जोडून सांगते. पाण्याच्या मोटारीची लाईट रात्रीची असली की बाप दोन वाजता उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी पाजायला जातो, आणि बॅटरी धरायला पोरगं सोबत असतं. गुडघाभर गारठ्यात पाय भिजवून ते पाचला घरी येतं, वाकळेत शिरतं. त्यात गार हवा जड, रात्री ती डोंगरावरून उतरून नदीकाठी साचते, म्हणून तुमच्या खोऱ्यात सकाळी माळापेक्षा जास्त काकडतं. पहिला तास वर्गात घेऊच नकोस. पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून सगळ्यांना उन्हात बसव. खोबरेल तेलाची एक बाटली पायरीवर ठेव. साधारण 24 अंशांच्या खाली ते थिजतं. रोज किती वाजता पातळ झालं, ते एकानं वहीत मांडायचं. पातळ झालं की तेच तेल भेगाळलेल्या पायांना लावायचं. माझ्या शाळेत या वहीसाठी पोरं वेळेवर यायला लागली.

भोगीला सुट्टी नसली तरी त्या दिवशी पुस्तक उघडू नकोस. आदल्या दिवशी सांग, घरात-रानात जे असेल ते मूठभर आणा. कुणी पावट्याच्या शेंगा आणेल, कुणी हरभऱ्याचे घाटे, वांगी, गाजरं, बोरं, उसाचं कांडं. काही आणता आलं नाही, तर त्याला शेंगा सोलायला बसव, म्हणजे त्याचीही मूठ भरते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना विनंती कर, बाजरीची भाकरी त्या थापतील. पाण्याचा हात फिरवून वर तीळ कसे दाबतात, ते पोरांनी जवळून बघू दे. तीळ कोरड्या भाकरीला चिकटत नाहीत, तव्यावर तडतडून उडतात. माझ्याकडे एकदा ऊसतोडीच्या टोळीतली दोन भावंडं आली होती, ती बसल्या बसल्या घाटे इतक्या झपाट्यानं सोलायची की सगळा वर्ग त्यांच्याभोवती जमला. त्या दिवसानंतर ती टोळीच्या कोपीवरून, त्या झोपडीवरून, रोज आली, टोळी हलेपर्यंत.

पुढच्या आठवड्यात पालची जत्रा. हजेरी पडणारच, वरती तसं आधीच कळवून ठेव. दुसऱ्या दिवशी पोरं येतील तेव्हा कानामागं, नखांत भंडारा असेल. त्यांना हातपाय धुवायला पाठवू नकोस, आधी काय काय बघितलं ते सांगू दे. आणि ती तेलाची वही मला उन्हाळ्याच्या सुट्टीत घेऊन ये.

तुझी,
बाई