वाचक विचारतात: टपालाचे पायलट आणि धुकं

प्रश्न (सदाशिव पेठ): वाडा पाडायचाय म्हणून माळा आवरत होतो, तर आजोबांच्या ट्रंकेत १९३३ सालचं एक पाकीट सापडलं, कराचीहून आलेलं, वर एअर मेलची निळी चिठ्ठी. मुलगा म्हणाला की तेव्हा टपाल नेणारे पायलट खूप मरायचे. एवढं काय धोक्याचं होतं त्यात? इंजिनं कच्ची होती म्हणून का?

उत्तर: इंजिनं कच्ची होती हे खरंच आहे, पण बंद इंजिनाचं हलकं विमान दिवसाउजेडी मोकळ्या हवेत एखाद्या शेतात उतरवता यायचं आणि कितीतरी जण तसे उतरलेत. खरा घात व्हायचा तो खालची जमीन दिसेनाशी झाली की. धुकं, ढग, बर्फ, रात्र. आणि त्यात टपालाला वेळापत्रक होतं हे विसरू नका, हौसेनं उडणारा माणूस हवा खराब आहे म्हणून घरी बसू शकतो, थैल्या घेऊन निघालेल्याला ते कठीण जायचं.

धुक्यात नेमकं काय होतं ते घरबसल्या कळतं. ऑफिसची फिरती खुर्ची घ्या, डोळे गच्च मिटा आणि कोणाला तरी एका वेगानं वीसेक सेकंद गोल फिरवायला सांगा, मग हळूच थांबवायला सांगा. मी परवा भाचीकडून हे करून घेतलं. फिरत असताना थोड्या वेळानं मला वाटलं की खुर्ची मंदावली, आणि खरोखर थांबली तेव्हा शप्पथ वाटलं की आता उलटी फिरायला लागली, मी दोन्ही हात घट्ट धरून बसले आणि भाची समोर शांत उभी. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं पाणी असंच फसवतं. ढगात शिरलेल्या पायलटचं विमान हळूहळू एका बाजूला कलायला लागतं, त्याला मात्र आपण सरळ चाललोय असं वाटतं, मग उंची कमी होतेय म्हणून तो विमान चालवायची दांडी मागे ओढतो आणि वळण अजूनच आवळत जातं. ढगातून खाली बाहेर पडेपर्यंत जमीन अगदी समोर आलेली असते. विमान वळतंय की सरळ आहे हे सांगणारी यंत्रं १९२० च्या दशकात हळूहळू आली, आणि बाहेर अजिबात न बघता फक्त यंत्रांवर उड्डाण करून उतरून दाखवलं ते अमेरिकी लष्करी पायलट जेम्स डूलिटल यांनी, २४ सप्टेंबर १९२९ ला. त्याआधीच्या बहुतेकांनी अंगाच्या अंदाजावर टपाल नेलंय.

अमेरिकेचंच बघा, कारण तिथे हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर झालं. १५ मे १९१८ ला लष्कराच्या पायलटांनी वॉशिंग्टन ते न्यूयॉर्क टपाल सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी वॉशिंग्टनहून निघालेला पायलट दिशा चुकून भलतीकडेच गेला, मेरीलँडमधल्या एका शेतात उतरताना पंखा मोडून बसला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टपाल खात्यानं स्वतःचे पायलट नेमले आणि १९२७ पर्यंत त्यातले तीसहून जास्त मेले. रस्ता शोधायचा म्हणजे रेल्वेचे रूळ धरून जायचं, ढग खाली आले की आपणही खाली यायचं, अजून खाली आले की अजून खाली, आणि मग मध्येच डोंगर. अ‍ॅलेघनी डोंगरांवरच्या पट्ट्याला ते लोक नरकाचा पट्टा म्हणायचे. विमानं बरीचशी युद्धातून उरलेली डी एच ४, त्यात मूळ रचनेत पायलटची सीट इंजिन आणि पेट्रोलची टाकी यांच्या मधोमध, म्हणजे विमान नाकावर आदळलं की मागची टाकी त्याला इंजिनावर चेपणार. पुढे टपालासाठी बदल करून पायलटला मागे बसवलं तेव्हा जरा जीवात जीव आला असेल.

आणि वेळापत्रकाचं म्हणाल तर जुलै १९१९ ची गोष्ट ऐका. न्यूयॉर्कला दाट धुकं होतं, दोन पायलटांनी निघायला नकार दिला आणि वॉशिंग्टनमध्ये बसलेले अधिकारी ऑटो प्रेगर यांनी दोघांनाही कामावरून काढून टाकलं. बाकीच्या पायलटांनी संप केला. तडजोड अशी झाली की हवा उडण्यासारखी आहे का हे लांबच्या ऑफिसात नाही तर त्या मैदानावरच ठरवायचं. मला हा संप त्या काळातल्या कुठल्याही विक्रमापेक्षा मोठा वाटतो, कारण धुकं डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाचं ऐकायला हवं एवढंच ते मागत होते आणि तेवढ्यासाठी नोकऱ्या पणाला लावल्या.

रात्रीचं तर विचारूच नका. फेब्रुवारी १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क टपाल रात्रीसुद्धा न थांबता न्यायचं ठरलं, रेल्वेला चार दिवसांच्या वर लागायचे. त्याच फेरीत नेवाडात एक पायलट विमान कोसळून गेला. जॅक नाइट नावाचा पायलट नॉर्थ प्लॅटहून ओमाहाला पोचला, वाटेत लोकांनी शेकोट्या पेटवून ठेवलेल्या, पण ओमाहाला कळलं की पुढे नेणारा पायलट हवेमुळे शिकागोतच अडकलाय. तो पुढचा रस्ता नाइटनं कधी उडून बघितला नव्हता तरी रस्त्यांचा एक साधा नकाशा घेऊन तो निघाला. आयोवा सिटीला पोचला तर मैदानावरची माणसं उड्डाण रद्द झालं असं समजून घरी गेलेली, एका रखवालदारानं इंजिनाचा आवाज ऐकून दिवटी पेटवली म्हणून तो उतरू शकला. टपाल न्यूयॉर्कला ३३ तास आणि काही मिनिटांत पोचलं. त्यानंतर पैसे मंजूर झाले आणि शिकागो ते शायेन वाट दाखवणारे, गोल फिरणारे दिवे लागले.

चार्ल्स लिंडबर्ग यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे ते अटलांटिकमुळे, पण त्याच्या आदल्या वर्षी, १९२६ मध्ये, ते सेंट लुइस ते शिकागो टपाल न्यायचे आणि दोनदा त्यांना रात्री विमान सोडून पॅराशूटनं उडी मारावी लागली. सप्टेंबरमधल्या उडीच्या वेळी पेट्रोल संपलं म्हणून इंजिन बंद पडलेलं, त्यांनी उडी मारल्यावर विमानाचं नाक खाली झालं, तळाशी राहिलेलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचलं आणि ते पुन्हा चालू झालं. वर धुक्यात हा माणूस पॅराशूटला लटकतोय आणि रिकामं विमान त्याच्याभोवती घिरट्या घालतंय. थैल्या मात्र शाबूत सापडल्या.

प्रश्न (येरवडा): या सगळ्याशी पुण्याचा काही संबंध आहे का, की आपल्याकडे हे थेट लोहगाव एअरपोर्टनंतरच आलं?

उत्तर: आहे ना, आणि तो तुमच्या घराजवळच आहे. जगातलं पहिलं अधिकृत विमान टपाल भारतातच गेलं, १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला, फ्रेंच पायलट आंरी पेके यांनी साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं नेली. नेहमीची सेवा सुरू झाली ती १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेआरडी टाटा कराचीहून सकाळी पस मॉथ विमानात २५ किलो टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरलं (ते बैलगाडीतून डब्यांत आणलेलं) आणि दुपारी जुहूला उतरले. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा त्यांचे सहकारी पायलट नेव्हिल विन्टसेंट यांनी उडवला. रेडिओ नाही, दिवे नाहीत, खालून कोणी सांगणार नाही.

आता पुणं कुठे आलं? जुहूचं मैदान म्हणजे समुद्राला लागून असलेली सपाट चिखलाची जमीन, पावसाळ्यात मोठी भरती आली की पाण्याखालीच. म्हणून पावसाळ्यात दोन विमानं, तीन पायलट आणि तीन मेकॅनिक असं सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं, येरवडा जेलच्या लगतच्या मैदानावर. अहमदाबादहून पुण्याला यायचं म्हणजे सह्याद्री ओलांडणं आलंच, आणि जुलैमध्ये खंडाळ्याला गाडीचे वायपर चालू ठेवून पुढच्या ट्रकचा लाल दिवा शोधलेल्या कोणालाही मी वेगळं सांगायला नको की तेव्हा घाटमाथ्यावर काय दिसतं. तिथून एक इंजिनाचं छोटं विमान घेऊन ही माणसं येत होती, जेलच्या भिंती दिसल्या की पोचलो. त्या मैदानाची आठवण म्हणून येरवड्यात एखादी पाटी तरी हवी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (कोथरूड): मी तिकिटं जमवते. एका प्रदर्शनात जानेवारी १९३६ चं लंडनहून पुण्याला आलेलं पाकीट घेतलं, त्यावर तिकीटच नाही, शाई पसरलीय आणि समुद्राच्या पाण्यानं खराब झाल्याचा रबरी शिक्का आहे. हे काय असेल? साफ करून घेऊ का?

उत्तर: तारीख बघता एक घटना बरोबर जुळते. ३१ डिसेंबर १९३५ ला इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीचं 'सिटी ऑफ खार्तूम' हे पाण्यावर उतरणारं विमान क्रीट बेटाहून येताना, इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया अगदी समोर दिसत असताना, पेट्रोल न मिळून इंजिनं बंद पडल्यामुळे अंधारात समुद्रात कोसळलं. १३ पैकी १२ जण गेले, फक्त पायलट वाचला, तोही कित्येक तास पाण्यात होता. थैल्या बाहेर काढल्या, पत्रं वाळवली आणि पुढे पाठवली. तिकिटांचा डिंक पाण्यात सुटतो म्हणून अशा पाकिटांवर बहुतेकदा तिकीट नसतं.

कृपा करून काही साफ करू नका, इस्त्री नको, खोडरबर नको, आणि जुळणारं जुनं तिकीट विकत घेऊन तर अजिबात चिकटवू नका. पाकीट उजेडात तिरकं धरा, तिकीट होतं तिथे एक फिकट चौकोन दिसेल आणि त्याच्या कडेला अर्धा राहिलेला लंडनचा शिक्का. आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी आडवं ठेवा, आणि उजेडात धरून काढलेला फोटो मला पाठवा.