वाटणीच्या खेळात ‘द्या’ की ‘काढून घ्या’?

प्रश्न : अर्थशास्त्राच्या १२० मुलांकडून वाटणीचा खेळ करून घ्यायचाय. एकाजवळ १०० रुपये, अनोळखी जोडीदाराला किती द्यायचे ते त्यानेच ठरवायचं. सूचनेतले शब्द बदलले की मुलं जास्त देतात का? पत्रक कसं लिहू?
– एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : मॅडम, नुसतं खेळाचं नाव बदलून फारसं हाती लागणार नाही. लिबरमन, सॅम्युअल्स आणि रॉस यांच्या २००४ च्या प्रयोगात एकाच खेळाला ‘वॉल स्ट्रीट’ (अमेरिकेतला शेअर बाजार) म्हटल्यावर सुमारे एक तृतीयांश लोकांनी सहकार्य केलं, ‘कम्युनिटी’ (समाज) म्हटल्यावर दोन तृतीयांश. पण तिथे समोरचाही चाल खेळत होता आणि तो कसा वागेल याचा अंदाज लोक नावावरून बांधतात. तुमच्या खेळात जोडीदार गप्प बसून असतो. अशा एकतर्फी खेळात ड्रेबर आणि सहकाऱ्यांना २०१३ मध्ये नावा-लेबलांचा परिणाम दिसला नाही. उलट ‘चोरणे’सारखं झोंबणारं क्रियापद वापरलं की लोक पैसे घ्यायला कचरतात, हे कापरारो आणि वान्झो यांनी २०१९ मध्ये दाखवलं. तेव्हा क्रियापदच बदला.

पत्रक अ : ‘तुमच्याकडे १०० रुपये आहेत. जोडीदाराला किती द्याल?’ पत्रक ब : ‘जोडीदाराकडे १०० रुपये आहेत. त्यातले किती काढून घ्याल?’ दोन्हींत ० ते १००, दहा-दहाच्या टप्प्याने तेच अकरा पर्याय. ‘उदा. ५०’ असं छापू नका, मुलं तिथेच खूण करतात. ‘जोडीदार’च्या जागी ‘गरजू विद्यार्थी’ही नको, एकेल आणि ग्रॉसमन यांच्या १९९६ च्या प्रयोगात अनोळखी विद्यार्थ्याऐवजी रेडक्रॉस आल्यावर देणं जवळपास तिप्पट झालं होतं. मग फरक शब्दाचा की गरजेचा, कसं कळणार?

पत्रकं आधीच पिसून एकाच वर्गात वाटा. सकाळच्या तुकडीला अ आणि दुपारच्या तुकडीला ब दिलंत तर सगळं मुसळ केरात. सूचना मोठ्याने वाचू नका, वाचताच दोन पत्रकं आहेत हे फुटतं. नावाऐवजी क्रमांक, बंद पाकीट, खोका दाराशी. पत्रकं तुम्ही हातात घेतलीत की मुलं तुमच्यासाठी उदार होतात.

निम्म्यांनाच ठरवायला दिलं तर एका पत्रकाला जेमतेम ३० उत्तरं मिळतील, ती अपुरी. निर्णय सगळ्यांकडून घ्या, देणारा कोण हे नंतर चिठ्ठीने ठरवा. पैसे खरेच हवेत, पण सहा जोड्यांना दिले तरी चालतं (६०० रुपये), आधी सांगितलं म्हणजे झालं.

हमखास चूक आकडे भरताना होते. ब मधले ७० म्हणजे अ मधले ३०. म्हणून रकाना एकच ठेवा : ‘जोडीदाराच्या हाती किती’. आणि शून्यवाले वेगळे मोजा. एंगेल यांच्या २०११ च्या एकत्रित आढाव्यात सरासरी देणं २८ टक्क्यांच्या आसपास असलं, तरी एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी दमडीही दिली नव्हती.