मशीन रूममधली माणसे : वाचकांचे प्रश्न, ध्वनिमिश्रकाची उत्तरे

चित्रपटाच्या ध्वनीविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे या अंकात देत आहे. मॅग्नेटिक फिल्मपासून संगणकापर्यंतचा सगळा काळ मुंबईच्या मिक्सिंग थिएटरांत बसून ज्यांनी पाहिला, त्या पिढीतला मी आहे. प्रश्न बहुतेक यंत्रांविषयीचे असले, तरी ती यंत्रे चालवणाऱ्या सहकाऱ्यांना वगळून त्यांची उत्तरे मला देता येणार नाहीत.

प्रश्न : संगणक नव्हते, तेव्हा संवाद, संगीत आणि इतर आवाज एकत्र कसे केले जात? – एक वाचक, कोल्हापूर

३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांहून थोडे अधिक चालते, आणि आमचे सारे काम या अकरा मिनिटांच्या मापानेच होत असे. संवाद, संगीत, पावले, पाऊस, रहदारी अशा प्रत्येक आवाजासाठी कडेला छिद्रे असलेल्या मॅग्नेटिक फिल्मचे वेगळे रीळ तयार केले जाई. त्याची लांबी चित्राच्या रिळाइतकीच असावी लागे, म्हणून जिथे आवाज नको तिथे तेवढ्याच फुटांची कोरी फिल्म जोडून ठेवत. ही सगळी रिळे मशीन रूममधल्या एकेका यंत्रावर चढवायची, प्रत्येकाची ‘स्टार्ट’ची खूण हेडसमोर, म्हणजे फिल्मवरचा आवाज वाचणाऱ्या भागासमोर, नेमकी आणायची आणि मग प्रोजेक्टरसह सर्व यंत्रे एकदम सोडायची. त्यांच्या मोटारी विजेने एकमेकींशी बांधलेल्या असल्यामुळे ती एकाच गतीने धावत. मिक्सर समोरच्या पडद्याकडे, पडद्याखालच्या फुटांच्या आकड्याकडे आणि कोणता आवाज कुठे येतो हे हाताने लिहिलेल्या क्यू शीटकडे आळीपाळीने पाहत फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या कळा, वरखाली करीत असे.

यंत्रे मागेपुढे नेऊन हवे तिथून पुन्हा मुद्रण सुरू करण्याची सोय, जिला आम्ही ‘रॉक अँड रोल’ म्हणत असू, येण्यापूर्वी मधे थांबणे शक्यच नव्हते. नवव्या मिनिटाला एखादा संवाद संगीताखाली दबला, तर सगळी रिळे उतरवून, उलटी गुंडाळून, पुन्हा चढवून पहिल्या फुटापासून सुरुवात करावी लागे. ती रिळे मिक्सर चढवीत नसे. मशीन रूममधले सहकारी ते काम उभ्याने, दिवसभर आणि अनेकदा रात्रीही करीत, आणि एका यंत्रावरची खूण एका छिद्राने जरी चुकली तरी पडद्यावरचे ओठ आणि शब्द वेगळे होतात, हे त्यांना पक्के ठाऊक असे. फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दात झिजल्यामुळे सनईचा लांब सूर किंचित हलतो आहे, हे भिंतीपलीकडून ओळखून स्वतःहून यंत्र थांबवणारे लोक मी पाहिले आहेत. रोज सकाळी हेड स्पिरिटने पुसणे, त्यांतले साचलेले चुंबकत्व काढणे आणि चाचणी फिल्मवरचा दहा हजार आवर्तनांचा स्वर वाजवून हेडचा कोन जुळवणे ही कामे कोणी न सांगता पार पडलेली असत. त्या काळच्या चित्रपटांत संवादांचा शब्द न् शब्द आज स्वच्छ ऐकू येतो, त्यात या सकाळच्या तासाचा वाटा फार मोठा आहे, आणि श्रेयनामावलीत मात्र त्यांतल्या जवळजवळ कोणाचेच नाव नसे, याचे मला आजही वाईट वाटते.

मिक्सिंग झाले म्हणजे काम संपले असेही नव्हते. अंतिम ध्वनी ऑप्टिकल निगेटिव्हवर, म्हणजे प्रकाशाने फिल्मच्या कडेला उमटवलेल्या पट्टीवर उतरवावा लागे. ‘स’, ‘श’ आणि दंत्य ‘च’ यांसारख्या उच्चारांतले बारीक तपशील या पट्टीवर भरून जात आणि थिएटरात थुंकल्यासारखा खरखरीत आवाज येई. मराठीत अशा वर्णांची वाण नाही. त्यामुळे लॅबोरेटरीत निगेटिव्ह किती गडद धुवायची याच्या चाचण्या घ्याव्या लागत, आणि लॅबमधला तंत्रज्ञ हाही आमच्या दृष्टीने ध्वनीचाच माणूस असे.

प्रश्न : या क्षेत्रातली कोणती माणसे नव्या पिढीने आवर्जून माहीत करून घ्यावीत? – एक विद्यार्थिनी, पुणे

मराठी वाचकाने सुरुवात प्रभातपासून करावी. १९३२ मध्ये कोल्हापुरात तयार झालेल्या ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी बोलपट सुरू झाला, आणि प्रभातच्या ध्वनिमुद्रणाची धुरा विष्णुपंत दामले यांनी वाहिली. मूळचा चित्रकलेतला आणि नेपथ्यातला हा माणूस ध्वनियंत्राकडे वळला, ते त्याने अभ्यासाने आत्मसात केले आणि पुढे फत्तेलालांबरोबर दिग्दर्शनही केले. ध्वनी हे केवळ तांत्रिक खाते नाही, हे आपल्याकडे इतक्या लवकर कोणीतरी ओळखले होते, याचा मला अभिमान वाटतो.

त्यानंतर ध्वनिमिश्रक मंगेश देसाई. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये परळला उभारलेल्या राजकमल कलामंदिराच्या मिक्सिंग थिएटरात त्यांनी काम केले, आणि त्यांच्या कानावर भरवसा ठेवून सत्यजित राय यांच्यासारखे दिग्दर्शक कोलकात्याहून आपली रिळे घेऊन परळला येत. १९७५ चा ‘शोले’ ७० मिलिमीटर आणि स्टिरिओफोनिक ध्वनीसह प्रदर्शित झाला; त्याचे मिश्रण देसाईंचे. गब्बरच्या पहिल्या प्रवेशात खडकावर घासत येणारा पट्टा आणि ठाकूरच्या घरासमोरच्या झोपाळ्याची करकर आठवून पाहावी. दोन्ही ठिकाणी भोवतालचे बहुतेक आवाज बाजूला सारून एकाच आवाजाला जागा दिलेली आहे. हातात इतके ट्रॅक असताना त्यांतले बहुतेक खाली ठेवण्याचा निर्णय घ्यायला फार मोठा आत्मविश्वास लागतो. आमच्या पिढीने मिक्सिंग शिकले ते पुस्तकांतून कमी आणि अशी रिळे पुन्हा पुन्हा ऐकून जास्त.

गाण्यांचे ध्वनिमुद्रण हे वेगळे शास्त्र होते. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत मिनू कात्रक यांच्यासारखे रेकॉर्डिस्ट गायक आणि संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी, मोजक्या मायक्रोफोनवर मुद्रित करीत. नंतर दुरुस्तीची सोय जवळजवळ नसल्यामुळे, कोणत्या वादकाने मायक्रोफोनपासून किती अंतरावर बसायचे हेच त्यांचे मिश्रण असे.

प्रश्न : ‘नागरा’ या रेकॉर्डरविषयी जुने तंत्रज्ञ इतक्या आत्मीयतेने का बोलतात? – एक वाचक, नाशिक

कारण त्या यंत्राने कधी दगा दिला नाही. स्टेफान कुडेल्स्की या मूळच्या पोलिश अभियंत्याने स्वित्झर्लंडमध्ये १९५१ साली पहिला नागरा तयार केला, आणि तो किल्लीच्या मोटारीवर चालत असे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या नागरा ३ ने आणि पुढच्या ४.२ ने जगभरच्या चित्रपटांचे बाहेरचे ध्वनिमुद्रण बदलून टाकले. ते यंत्र खांद्याला अडकवून नेता येई, टॉर्चमध्ये घालतात तसल्या बारा मोठ्या सेलवर चाले, आणि उन्हात, धुळीत, डोंगरावर त्याच्या गतीत फरक पडत नसे. सेकंदाला साडेसात इंच गतीने पाच इंची स्पूल साधारण सोळा मिनिटे पुरे. झाकण उघडे ठेवले तर सात इंची स्पूल बसे.

यातली कल्पक गोष्ट सांगायलाच हवी. टेपला छिद्रे नसतात, त्यामुळे ती थोडी ताणली किंवा घसरली तर चित्राशी जुळणार कशी? त्यासाठी कॅमेऱ्याच्या मोटारीकडून येणारा एक संकेत आवाजाबरोबरच टेपच्या मध्यभागी दोन बारीक पट्ट्यांवर परस्परविरुद्ध नोंदवला जाई. आवाज वाजवताना त्या दोन पट्ट्या एकमेकींना छेदून नाहीशा होत, आणि मॅग्नेटिक फिल्मवर उतरवताना मात्र तोच संकेत वेगळा वाचून गती अचूक ठेवता येई. पुढे स्फटिकावर चालणाऱ्या मोटारी आल्या आणि कॅमेरा व रेकॉर्डर यांच्यामधली तारही गेली.

नागराच्या मीटरची सुई आणि फिरणाऱ्या नॉबचा भरदार स्पर्श मला आजही आठवतो, पण त्याहून जास्त आठवतो तो बूम धरणारा सहकारी. बूम म्हणजे लांब काठी; तिच्या टोकाला सेनहायझर ४१६ किंवा ८१६ हा मायक्रोफोन लावून तो दृश्य संपेपर्यंत हात वर धरून उभा राही. सगळ्या नटांचे संवाद त्याला पाठ असत, कोण कधी मान वळवणार याचा त्याला अंदाज असे, आणि दिव्यांमुळे पडणारी काठीची सावली चौकटीत येऊ न देता मायक्रोफोन चौकटीच्या कडेपर्यंत आणण्याचे कसब त्याच्यापाशी असे. रेकॉर्डर कितीही उत्तम असला, तरी मायक्रोफोन हातभर लांब राहिला तर उपयोग शून्य. चांगला बूममन आणि साधा रेकॉर्डर, किंवा साधा बूममन आणि नागरा, अशी निवड करावी लागली असती तर मी बूममनच निवडला असता.

प्रश्न : मग इतकी चांगली साधने असूनही आपल्याकडे बहुतेक चित्रपट नंतर डब का होत? – एक वाचक, इंदूर

सुरुवातीला तसे नव्हते. १९३१ च्या ‘आलम आरा’मध्ये चित्र आणि ध्वनी एकाच फिल्मवर, एकाच वेळी मुद्रित होत, आणि स्टुडिओजवळून जाणाऱ्या रेल्वेमुळे गाड्या थांबल्यावर रात्री चित्रीकरण करावे लागे. साठच्या दशकात चित्रीकरण स्टुडिओबाहेर गेले आणि हलका ॲरिफ्लेक्स २ सी कॅमेरा सर्वत्र वापरात आला. त्याचा घरघराट इतका मोठा होता की मुद्रित संवाद केवळ मार्गदर्शनापुरते उरले. त्यांना आम्ही ‘पायलट’ म्हणत असू. मग डबिंग थिएटरात दृश्याचे लहान तुकडे लूप करून फिरवत आणि नट ओठ जुळवत. एकदा ही सोय अंगवळणी पडल्यावर चित्रीकरणाच्या वेळी शांतता राखण्याची शिस्तच गेली, आणि माझ्या मते ते नुकसान यंत्रांच्या उणिवेपेक्षा मोठे होते. २००१ च्या ‘लगान’मध्ये नकुल कामटे यांनी जागेवरचा ध्वनी मुद्रित केला, त्यानंतर ही शिस्त हळूहळू परतली.

डबिंगमुळे एका कलेची मात्र भरभराट झाली. मूळ आवाजच नसल्यामुळे प्रत्येक पाऊल नव्याने निर्माण करावे लागे. इफेक्ट्सचे कलाकार शहाबादी फरशीचा तुकडा, वाळूचा ट्रे, लाकडी फळी, काचेच्या बांगड्या आणि जुन्या चपलांचा ढीग घेऊन पडद्यासमोर उभे राहत. नऊवारी नेसलेल्या वयस्कर बाईचे पाऊल आणि तरण्या मुलीचे पाऊल यांतला फरक ते केवळ टाच किती दाबायची यावरून दाखवीत. त्यांचे काम ओळखू आले नाही म्हणजेच ते उत्तम झाले, अशी त्यांची अवघड स्थिती होती.

प्रश्न : आजचे डिजिटल मिश्रण जुन्यापेक्षा चांगले आहे का? – एक वाचक, पुणे

तांत्रिकदृष्ट्या नि:संशय चांगले आहे. खरखर नाही, टेपची सळसळ नाही, आणि शेकडो ट्रॅक एकाच पडद्यावर दिसतात. पूर्वी निर्णय लवकर घ्यावे लागत, आता ते शेवटच्या रात्रीपर्यंत लांबवता येतात आणि लांबवले जातात. तेवढी एक तक्रार सोडली तर मला मागे जावेसे वाटत नाही.

प्रश्न : माझे वडील नाटकांचे आणि गाण्यांचे ध्वनिमुद्रण करीत. त्यांची स्पूल टेप घरी पडून आहेत. काय करावे? – एक वाचक, सांगली

प्रथम त्या वाजवून पाहण्याचा मोह आवरावा. स्पूल प्रकाशासमोर धरा. टेपच्या कडांतून उजेड आरपार दिसला तर ती बहुधा ॲसिटेटची आहे, दिसला नाही तर पॉलिएस्टरची. ॲसिटेटच्या टेपला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर तिचे विघटन सुरू झाले आहे आणि तिची वाफ शेजारच्या टेपनाही बिघडवते, म्हणून ती ताबडतोब वेगळी ठेवावी. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही पॉलिएस्टर टेप चिकट होतात आणि हेडवर तपकिरी थर सोडतात. त्यांना मंद उष्णता देऊन तात्पुरते वाजवण्याजोगे करता येते, पण ते जाणकाराचे काम आहे, घरच्या ओव्हनमध्ये ते करू नये. सगळे स्पूल खोक्यात उभे ठेवा, लाऊडस्पीकरपासून आणि दमट भिंतीपासून दूर ठेवा, आणि खोक्यांवरचे वडिलांच्या हातचे लिखाण पुसू किंवा फेकू नका. ते खोक्यासह टिपून घ्या, कारण गायक, तारीख आणि टेपची गती बहुतेक वेळा फक्त तिथेच लिहिलेली असते. डिजिटल प्रत करून घेताना ९६ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटची, कोणतीही सफाई न केलेली प्रत आधी मागा. खरखर काढणे नंतरही करता येईल. नाटकाबरोबर चित्रपटाचे काही ध्वनिमुद्रण त्यात सापडले, तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला जरूर कळवा. त्या वेळी वडिलांबरोबर मदतीला कोण कोण असत, हे घरातल्या कोणाला आठवत असेल तर तेही त्याच कागदावर लिहून पाठवा.