गॅलरीतली भरती-ओहोटी

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा वाचला. ‘ठाण्याचं बदलतं हवामान’ हे नाव भारदस्त आहे, पण ते चार महिन्यांत एकट्याने उरकणारं काम नव्हे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि कुलाब्याला सत्तर-पंचाहत्तर. पंचवीसेक किलोमीटरांत एवढी तफावत. मग येऊरचा पायथा आणि कळव्याची खाडी तू एका गॅलरीतून कशी पकडणार?

तापमानाचाही नाद सोड. तुझी गॅलरी पश्चिमेची. दुपारी तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते. हवा मोजायला जाशील आणि भिंत मोजून बसशील. वेधशाळेत थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत, मोकळ्या जागेत, जमिनीपासून सव्वा मीटर तरी वर असतो. सोसायटीच्या गच्चीची किल्ली तुला रोज मिळणार असेल तर गोष्ट वेगळी. मला कधी मिळाली नाही.

वायुदाब घे. तो खोलीत आणि गॅलरीत सारखाच असतो, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. बीएमपी-२८० हा दाब मोजणारा सेन्सर काही महाग नाही. त्याचा आकडा एखाद्या हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) चुकेल, चुकू दे. आपल्याला चढउतार हवा आहे. मात्र तो जागचा हलवायचा नाही. साडेआठ मीटर वर गेलं की दाब साधारण १ हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे तीन मजले चढलास तर आलेखाची वाट लागली.

दर दहा मिनिटांनी नोंद होऊ दे. दिवाळीनंतर आभाळ निवळलं की आलेख काढ. सकाळी दहाच्या सुमारास उंचवटा, दुपारी चारला खळगा, रात्री दहाला परत उंचवटा, पहाटे चारला खळगा. दोन-तीन हेक्टोपास्कलांचाच खेळ, पण रोज. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सेन्सर बिघडला असं वाटून वायर बदलली होती!

कळवा पुलाखालची भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते, म्हणून रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. हवेची भरती, म्हणजे दाबाचा हा रोजचा चढउतार, मात्र घड्याळ सोडत नाही, कारण ती सूर्याची: वरचा ओझोन आणि खालची वाफ ऊन शोषून तापतात, त्यातून ही लाट उठते. तुझा प्रश्न एवढाच ठेव – सकाळचा उंचवटा महिनाभरात किती मिनिटं सरकतो? खाडीच्या वेळा तक्त्यातून घे आणि दोन्ही एकाच कागदावर मांड.

वीज गेली तर तेवढी जागा रिकामी सोड, अंदाजाने भरू नकोस. आणि काही खोडू नकोस. माझ्या जुन्या वहीत एका डिसेंबरात सलग चार दिवस ३ मिलिमीटर पाऊस आहे. पाचव्या दिवशी सकाळी साडेआठला मोजायला गेलो, तर वरच्या मजल्यावरच्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या. शेजारी पेन्सिलीने ‘तुळस’ लिहिलं, आकडे तसेच ठेवले. रविवारी येशील तेव्हा ती वही दाखवतो.

तुझा,
काका