जर्मनीत ३,००० युरो पगार म्हणजे कोल्हापुरातल्या ४५,००० रुपयांच्या सातपट सुख का?

तुम्ही विचारलंय की चुलतभावाला जर्मनीत ३,००० युरो मिळतात, तुमच्या हातात कोल्हापुरात ४५,००० रुपये येतात, तर तो सातपट चांगला जगतो का? तुमच्यापुरतं बोलायचं तर नाही, सव्वापट म्हणा फार तर. पण तुमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचं आणि तिथल्या सफाई कामगाराचं हेच गणित मांडा, उत्तर पार बदलतं.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूचे भाग ओतायच्या कारखान्यात, निर्यातीचं बघतो. गिऱ्हाईक बरेचसे जर्मन, त्यामुळं चहाच्या सुट्टीत हा विषय निघतोच.

आधी भावाचा पगार बघू. ३,००० हा कपातीआधीचा आकडा असणार. एकट्या माणसाचा कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा जाऊन हातात २,१०० च्या आतबाहेर पडतात. वर घरात टीव्ही असो वा नसो, दर घरामागं महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी भरावी लागते. हे ऐकून आमच्या स्टोअरकीपरनं कपाळावर हात मारला होता.

आता महागाई. जागतिक बँकेनं २०१७ साली देशोदेशीच्या किमती ताडून पाहिल्या. अमेरिकेत एका डॉलरला जे येतं ते भारतात २०.६५ रुपयांत येतं, असं निघालं. बाजारात तेव्हा डॉलर ६५ रुपयांना होता. जर्मनीचा तोच आकडा पाऊण युरोच्या जवळपास. या मापानं भावाचे २,१०० युरो म्हणजे २,८०० डॉलरची खरेदी, तुमचे ४५,००० म्हणजे जवळजवळ २,२०० डॉलरची. सातपट कुठं गेली बघा.

पण आपल्याकडं सगळंच स्वस्त आहे असं नाही. लॅपटॉप, परदेशी विमानाचं तिकीट यात काही सूट मिळत नाही. स्वस्त आहे ते माणसाचं काम: कटिंग, इस्त्री, रिक्षा, खानावळ, नळ दुरुस्ती. जर्मन न्हाव्याची कात्री आपल्यापेक्षा वेगानं चालते असं थोडंच आहे? त्याच्या शेजारच्या मोटार कारखान्यात यंत्रांमुळं एकेक कामगार भरपूर माल काढतो, म्हणून पगार जास्त. मग न्हाव्यालाही त्याच्या जवळपास द्यावं लागतं, नाहीतर तो कात्री ठेवून कारखान्यात जाईल. बलासा आणि सॅम्युएलसन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये हेच मांडलं. आणि आपला न्हावी तिथं जाऊन दर पाडू शकत नाही. आमच्या कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागांना, व्हिसा लागत नाही, ते ओतणाऱ्याला लागतो. ब्रँको मिलानोविच या अर्थतज्ज्ञाच्या अभ्यासात तर जगातल्या माणसामाणसांच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त फरक नुसत्या देशावरून सांगता येतो, असं निघालं.

आता मावशी. चार-पाच घरं धरून महिना १०,००० मिळत असतील असं समजू. जर्मनीत २०२५ चं किमान वेतन तासाला १२.८२ युरो. तेवढ्यावर पूर्णवेळ सफाई करणाऱ्याला कपात जाऊन सोळाशे युरोच्या आसपास राहतात. वरच्याच मापानं तो २,१०० डॉलरचा माणूस आणि मावशी ५०० डॉलरच्याही आत. म्हणजे तुमच्यात आणि भावात जेमतेम सव्वापट, त्या दोघांत चारपट. तुमची सव्वापट एवढी कमी राहिली त्यात मावशींच्या कमी पगाराचा वाटा आहे, हे मला सांगायला बरं वाटत नाही, पण आहे तसं आहे.

आजारपण यात धरलेलंच नाही. जर्मनीत कामगारांचा सक्तीचा आरोग्य विमा १८८३ पासून आहे. तिथला सफाईवाला आजारी पडला तर दवाखाना विम्यातून आणि सहा आठवडे पगार मालकाकडून. आपल्याकडं आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के वाटा २०२१-२२ मध्ये लोकांच्या थेट खिशातून गेला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ होता, म्हणजे सुधारणा मोठी आहे. आमच्या फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या, पोरांना २१,००० च्या आत पगार असेल तर ईएसआय हा कामगारांचा सरकारी विमा तरी लागू होतो. घरकामाच्या मावशींना तोही नाही. त्यांचा खाडा झाला की काही घरं पैसे कापतात.

राहता राहिला तुमचा भाऊ. तिथं खर्च केलेला युरो तिथल्या महागाईत विरघळतो, पण शिल्लक टाकून इकडं पाठवलेला युरो बँकेच्या पूर्ण दरानं उतरतो. घरभाडं, खाणं भागवून त्यानं ५०० वाचवले तर युरो शंभरच्या घरात धरून इथं ५०,००० झाले, तुमच्या अख्ख्या पगाराहून जास्त. तेव्हा पुढच्या वेळी त्याला पगार विचारू नका, महिन्याला शिल्लक किती पडते ते विचारा.