लाइपझिगला येताय? कुंद्याचा डबा तेवढा घरीच ठेवा

ताई, खानापूरहून तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. मिस्टरांना जर्मनीतल्या लाइपझिगची नोकरी मिळाली आहे. थोरला साडेपाच वर्षांचा, पेटी शिकतोय. धाकटी दोन वर्षांची, तिला गाईच्या दुधाची ॲलर्जी. आणि शेवटी विचारलंत, "तिथं पोरांचे हाल तर होणार नाहीत ना?"

मी बेळगावातल्या शहापूरची, इथं येऊन आठ वर्षं झाली. माझ्या धाकट्यालाही तीच ॲलर्जी, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पोरांचे हाल होत नाहीत. पहिलं वर्षभर आईबापांचे मात्र होतात, कारण इथं प्रत्येक गोष्टीसाठी आधी नाव नोंदवावं लागतं आणि आपल्याला ती सवय नाही.

कागदाचं आधी सांगून टाकते. घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. त्या कागदाशिवाय पुढचं काहीच हलत नाही. वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात, म्हणजे इथल्या 'किटा'त, जागा मिळण्याचा हक्क 2013 पासून कायद्यानं आहे. पण जागा आपणच शोधायची, शहराच्या पोर्टलवर अर्ज भरून. आम्ही आलो तेव्हा मोठी रांग होती. आता जन्म कमी झाल्यानं बरंच सोपं झालंय. फी भरावी लागते, दुसऱ्या मुलाला सवलत मिळते. गोवराची लस घेतल्याचा पुरावा नसेल तर किटात घेत नाहीत, 2020 पासून तसा कायदाच आहे. म्हणून दोघांची लसीकरणाची कार्डं हातातल्या पिशवीत ठेवा, आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून आणा. सरकार प्रत्येक मुलामागं दर महिन्याला पैसे देतं, 2025 मध्ये 255 युरो होते. मागचे सहा महिनेच भरून मिळतात, तेव्हा अर्ज करायला उशीर नको. आम्ही केला होता.

भाषेची काळजी करू नका. आपली पोरं घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी करतच वाढतात. चौथी भाषा आली म्हणून ती दचकत नाहीत. माझी थोरली तीन महिने किटात तोंड मिटून बसली. चौथ्या महिन्यात बाईंनी सांगितलं, ती दुसऱ्या पोरांना जर्मनमध्ये दटावते. मी अजून दुकानात अडखळते.

आता धाकटीचं. इथं जरा थांबून लिहिते, कारण इथंच मी चुकले.

लाइपझिगमध्ये व्हेगन खाणं शोधावं लागत नाही. दक्षिणेकडे कार्ल-लीबक्नेश्त रस्ता आहे, सगळे त्याला 'कार्ली' म्हणतात. तिथं केक, आइस्क्रीम, पाव, सगळ्यांत बिनदुधाचं काहीतरी असतं. मला वाटलं, देवच पावला. पहिल्याच उन्हाळ्यात एका दुकानात व्हेगन आंब्याचं सॉर्बे, म्हणजे बिनदुधाचं आइस्क्रीम, घेतलं. दुकानातल्या पोरीनं चमचा काढला तो व्हॅनिलाच्या डब्यातून, पाण्यात बुडवल्यासारखा केला आणि आमच्या सॉर्बेत घातला. घरी पोचेपर्यंत लेकराच्या ओठाभोवती लाल गांधी उठल्या होत्या. तेव्हापासून घरात नियम आहे: 'व्हेगन' म्हणजे दूध घातलेलं नाही, दूध लागलेलं नाही असा त्याचा अर्थ नव्हे. पाकिटावर घटकांच्या यादीत दूध वेगळ्या ठशात छापावंच लागतं. युरोपात अशा 14 ॲलर्जीकारक पदार्थांना हा नियम आहे. पण 'दुधाचा अंश असू शकतो' हे वाक्य छापायची सक्ती नाही. नाही छापलं म्हणजे अंश नाहीच, असं धरू नका. सुट्या पदार्थांसाठी बेकरीत ॲलर्जीची माहिती लेखी ठेवावी लागते. काउंटरवर ती वही मागायला लाजायचं नाही, बिनधास्त मागा. आइस्क्रीमवाल्याला नवा चमचा आणि नवा डबा उघडायला सांगा. एखादा तोंड वाकडं करतो. करू दे.

आणखी एक. दुकानात 'ओटचं दूध' शोधत फिरू नका. 2017 मध्ये युरोपच्या न्यायालयानं ठरवलं की वनस्पतीच्या पदार्थाला दूध, चीज अशी नावं देऊन विकायचं नाही. म्हणून डब्यावर 'हाफर ड्रिंक' असतं, हाफर म्हणजे ओट. मी पहिल्या आठवड्यात रिकाम्या हातानं परत आले होते. आणि सासूबाईंना आधीच समजावून ठेवा, तुपातही दुधातलं प्रथिन थोडं उरतं. "तूप चालतं गं" यावर आमच्यात दोन दिवाळ्या भांडणात गेल्या.

आता कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई. विमानातून आणू नका. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. खवा, तूप, पेढे सगळं त्यात आलं. ओला कढीपत्ताही नको. संकेश्वरी मिरचीचं तिखट, शेंगदाण्याची चटणी, तिळगूळ खुशाल आणा. मी इथं बिनदुधाचा कुंदा करायचे तीन प्रयत्न केले. ओटचं ड्रिंक आटवलं की चक्क खळ होते, पोस्टर चिकटवावीत अशी. सोयाचं आटतं, पण वास जात नाही. मग मार्झिपान सापडलं, बदाम आणि साखरेचा गोळा. तो कुस्करून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतायचा, मध्ये ओटच्या ड्रिंकचा हबका मारायचा, तपकिरी आणि रवाळ होईपर्यंत. बेळगावात कुणी त्याला कुंदा म्हणणार नाही. पण माझ्या लेकाला कुंदा म्हणजे हाच.

मार्झिपानची इथं एक गोष्टच आहे. या शहरात चंडोल पक्षी मारून खायची चाल होती. 1876 मध्ये सॅक्सनीच्या राजानं ती शिकार बंद केली, तेव्हा हलवायांनी मार्झिपान भरलेली छोटी करंडी काढली आणि तिला 'लाइपझिगचा चंडोल' नाव दिलं. वर पिठाच्या दोन पट्ट्या आडव्या-उभ्या, म्हणजे पक्षी बांधायची दोरी. आत एक चेरी किंवा जॅम, ते काळीज. त्यात लोणी आणि अंडं असतं, म्हणून धाकटीला बाजारचा देऊ नका. घरी बिनदुधाचं मार्गारिन घालून छान होतो. थोरल्याला मात्र गोष्ट सांगत खाऊ घाला.

थोरल्याची पेटी जरूर आणा. फ्लॅटमध्ये वाजवता येते. 2018 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं एका ट्रंपेटवाल्याच्या खटल्यात म्हटलं, घरी वाजवायला पूर्ण बंदी घालता येत नाही. कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि सुट्टीला एक-दोन तास असा ढोबळ अंदाजही दिला. रात्री दहानंतर आणि दुपारच्या विश्रांतीच्या वेळी नको. तरी पहिल्या दिवशी शेजाऱ्यांना पेटी दाखवून या. आमच्या खालच्या आजी आता विचारतात, आज का नाही?

मोठा संगीतकार बाख, त्यानं 1723 ते 1750 पर्यंत ज्या टोमासकिर्श चर्चमध्ये काम केलं, तिथं 1212 पासून चालत आलेला मुलांचा वृंद आहे. तो शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला गातो. त्यांना शाळेची सुट्टी असली की दुसरे वृंद येतात. तिकीट अगदी किरकोळ. धाकटीला घेऊन कडेच्या बाकावर, दाराजवळ बसा. आम्ही पहिल्यांदा वीस मिनिटांत बाहेर पडलो होतो. इथले लोक संगीताचा तोरा मिरवायला लागले की मी सांगते, कुमार गंधर्व 1924 मध्ये आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. आणि त्याच वर्षी बेळगावच्या काँग्रेसमध्ये, गांधीजी अध्यक्ष असताना, लहान गंगूबाई हनगल गायल्या. मग मोबाइलवर ऐकवते. गप्प होतात.

थोरला शाळेत जाईल तेव्हा त्याच्याएवढा कागदी शंकू घ्यावा लागेल, 'झुकरट्यूट'. पहिल्या दिवशी तो खाऊ आणि पेन्सिलींनी भरून देतात. ही चाल या भागातच सुरू झाली. आम्ही तळाशी शेंगदाण्याची चिक्की भरली होती, वर्गात अर्ध्या तासात संपली.

रविवारी दुकानं बंद. तेव्हा तळ्यावर जा. कोस्पुडेनर तळं पूर्वी कोळशाची उघडी खाण होती, आता वाळूचा किनारा आहे. पाऊस असेल तर प्राणिसंग्रहालय. नेपोलियनविरुद्धच्या 1813 च्या लढाईचं स्मारक 91 मीटर उंच आहे, पायऱ्या पाचेकशे. धाकटी उचलून घ्यावी लागेल, मी सांगून ठेवते.

इतिहासातलं एकच मनापासून दाखवा. निकोलाय चर्चमध्ये सोमवारी संध्याकाळी पाचला शांततेची प्रार्थना अजून होते. तेव्हा इथं पूर्व जर्मनीची साम्यवादी राजवट होती. तिच्याविरुद्ध 9 ऑक्टोबर 1989 ला तिथून बाहेर पडलेल्या लोकांत मिसळून 70 हजार माणसं रिंग रस्त्यावर चालली. गोळी चालली नाही, आणि महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. सीमा म्हटली की आपले कान टवकारतातच. आमच्या घरी आजोबांच्या प्रत्येक बैठकीत ती असायची. खालच्या आजी तेव्हा चालणाऱ्यांत होत्या. नवरा घरी पोरं सांभाळत होता, दोघांपैकी एकानं परत यायला हवं म्हणून. हे त्यांनी मला जिन्यात, दळणाची पिशवी हातात धरून सांगितलं.

दरवर्षी 9 ऑक्टोबरला लोक चौकात मेणबत्त्यांनी '89' काढतात, पोरंही लावतात. तुम्ही सप्टेंबरात येताय म्हणालात, म्हणजे सापडाल. काचेच्या बरण्या मी आणते, धाकटीसाठी बिनदुधाचा चंडोलही. येताना संकेश्वरी तिखट तेवढं पाव किलो जास्त घ्या.