बेस ड्रमवाल्याचं नाव काय?

प्रिय मावशी,
मी रत्नागिरीजवळच्या एका गावात राहते. नववीत आहे. सातवीपासून शाळेच्या बँडमध्ये बिगुल वाजवते आणि उरलेला वेळ वाचते. एसटीत, जेवताना, बागेत वानरं राखायला बसवतात तेव्हासुद्धा. बँडमधली मुलं मला ‘ग्रंथपाल’ म्हणतात आणि डबा खायला बोलावत नाहीत. गेल्या आठवड्यात पावसामुळे व्हरांड्यात सराव चालला होता. मी खोक्यांच्या आड पुस्तक उघडलं होतं आणि माझी जागा चुकली. सरांना म्हटलं, ऐकू आलं नाही. त्यांनी 15 ऑगस्टचा सुरुवातीचा बिगुल दुसऱ्या मुलाला दिला. बाबा म्हणतात, बरंच झालं, पुढच्या वर्षी दहावी, आता तो भोंगा बंद. मी बँड सोडू की पुस्तकं?
– बिगुलवाली
ता. क. बिगुल हिरवट पडलाय. आईची तांब्याभांड्यांची आमसुलं लावू का?

बिगुलवाले,

तुझं मूळ पत्र वहीची सात पानं, पाठपोट. ते कापून एवढंसं छापलंय, त्याबद्दल रागावू नकोस. मी मात्र ते अख्खं वाचलं, दोनदा. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती आणि सवयीनं नावांखाली रेघा ओढत गेले. तू सध्या वाचतेयस त्या कादंबरीतल्या अकरा माणसांची नावं तू लिहिली आहेस, अगदी एका प्रसंगापुरत्या आलेल्या टांगेवाल्याचंसुद्धा. बँडमध्ये बावीस जण आहेत, हे तूच लिहितेस. त्यांतल्या एकाचंही नाव सात पानांत नाही. ‘बेस ड्रमवाला’, ‘झांजवाल्या दोघी’, ‘तो दुसरा मुलगा’. ओळख लपवायला नावं गाळली म्हणशील, तर सरांचं नाव आहे, मुख्याध्यापिका बाईंचं आहे, तुमच्या कुत्र्याचंही आहे.

ते तुला डब्याला बोलावत नाहीत याचं वाईट वाटणं साहजिक आहे. पण जरा त्यांच्या बाजूनं बघ. शाळेचा बँड म्हणजे निम्मा वेळ वाजवणं आणि निम्मा वेळ वाट बघणं. कुणाचा पट्टा तुटतो, सरांना ऑफिसातून बोलावणं येतं, पावसाची सर आली की सगळे ड्रम उचलून आत पळायचं. त्या मोकळ्या दहा मिनिटांत बाकीची मुलं एकमेकांच्या काड्या फिरवून बघतात, कुणाच्या तरी खिशातले शेंगदाणे संपवतात, सरांच्या ‘दाहिने मूऽऽड’ची नक्कल करतात. मैत्री तिथे होते, कवायतीत नाही. आणि नेमक्या त्या दहा मिनिटांत तू खोक्यांच्या आड जातेस. त्यांना वाटतं, हिला आम्ही नको आहोत. तुला वाटतं, त्यांना मी नको आहे. दोघांचंही चुकतंय, पण आधी खोक्यांच्या आडून बाहेर यायचं काम तुझं, कारण आत तू गेलीस.

हे मी फार वरून सांगतेय असं वाटू देऊ नकोस. तुझ्या वयात मी देवळातल्या भजनाला पेटीवाल्यांच्या मागे बसून मांडीवर पुस्तक ठेवून वाचायचे. शेजारी पखवाजवाले काका बसत. भजन सुरू व्हायच्या आधी ते भिजवलेल्या कणकेचा गोळा पखवाजाच्या डाव्या पुडीवर थापायचे, वाजवून बघायचे, चिमूटभर काढायचे, पुन्हा लावायचे. त्या कणकेच्या वजनानं डाव्या बाजूचा आवाज खाली उतरतो आणि त्याला घुमारा येतो. हे मला कळलं चाळिशी उलटल्यावर, टीव्हीवरच्या एका मुलाखतीत. वर्षानुवर्षं माझ्यापासून हातभर अंतरावर ते चाललं होतं, आणि मी एकदाही ‘काका, हे कशाला?’ असं विचारलं नाही. काय वाचत होते तेही आता आठवत नाही.

पुस्तकं सोडायचा प्रश्नच येत नाही. ज्या रत्नागिरीत 1828 पासून वाचनालय चालू आहे, तिथल्या मुलीला ‘वाचू नकोस’ सांगायची माझी छाती नाही. पु. लं.ची पेटी आणि लेखणी यांचं उदाहरणही देत नाही. ते तू प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकलं असशील. एसटीत वाच, बागेत वाच, जेवताना आई चालवून घेत असेल तर तिथेही वाच. फक्त सरावाला जाताना पुस्तक दप्तरात आणि दप्तर वर्गात. दीड तासाचा प्रश्न आहे, टांगेवाला कुठे पळून जात नाही.

आता चुकलेल्या जागेबद्दल. बिगुलवाल्याचं काम अवघड असतं ते वाजवण्यात नाही, गप्प राहण्यात. ड्रमवाल्याचे हात चालूच असतात, त्यामुळे तो तालात असतोच. तू मात्र मध्येच कितीतरी मात्रा नुसती उभी असतेस आणि मग अचूक क्षणी फुंकायचं असतं. त्या मात्रा मनात मोजून भागत नाही, मन पळतं. बुटातल्या बुटात अंगठा हलवून मोज. बाहेरून दिसत नाही, सावधानमध्येही चालतं.

सरांकडे सरावाच्या आधी जा आणि सरळ सांग की ऐकू आलं होतं, मी वाचत होते. जागा परत मागू नकोस. या 15 ऑगस्टला ती त्या मुलाचीच. त्याच्याकडून काढून घेतलेली जागा तुलाही गोड लागणार नाही. दुसरा बिगुल वाजवीन म्हण. सर ओरडतील, बहुतेक एकदाच. खरं बोललेल्या मुलांवर दुसऱ्यांदा ओरडायला शिक्षकांना जमत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि त्या ‘दुसऱ्या मुलाला’ विचार की वरचा सूर लावताना तो ओठांचं काय करतो. हे खरंच विचारण्यासारखं आहे. बिगुलाला ना कळ ना भोकं. नळी तेवढीच, आणि नेहमीच्या वाजवण्यातले पाचेक सूर सगळे ओठांच्या ताणावर आणि फुंकेवर निघतात. त्यामुळे प्रत्येकाची युक्ती वेगळी असते आणि ती पुस्तकात सापडत नाही. त्याच्याकडे एक असेल, तुझ्याकडे दोन वर्षांच्या आणखी चार असतील.

बाबांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला येते, त्याच सुमारास आंब्याची धावपळ सुरू होते, आणि घरात मदतीला कोण असतं हे तूच लिहिलं आहेस. तेव्हा त्यांच्याशी ‘बँड की अभ्यास’ असा वाद घालू नकोस, तारखा घेऊन बस. पुढच्या वर्षीचा 15 ऑगस्ट परीक्षेच्या सहा महिने आधी येतो, तेवढा मागून घे. 26 जानेवारी अगदी तोंडावर येते, ती तू आपणहून सोड. आपणहून काही सोडणाऱ्या मुलीला बाबा सहसा उरलेलं देतात. बिगुलाला तासन्‌तास लागतही नाहीत. ओठांचे स्नायू थकले की सूर फाटतोच, म्हणून रोज पंधरा मिनिटं हीच चांगली रीत. ती घरात नको, कारण शेजारच्या आजी ‘काय गो, कोण गेला काय?’ विचारत येतात हे वाचून मी खूप हसले. संध्याकाळी पुळणीवर जा, सुरूच्या झाडांकडे तोंड करून वाजव. किंवा बागेतच. वानरं कलमांवर उतरली की एक लांब सूर काढून बघ. पळाली, तर बाबा भोंग्याबद्दल पुन्हा विचार करतील. पळाली नाहीत, तर निदान श्रोते मिळाले.

आमसुलं मात्र लावू नकोस. तांब्याच्या हंड्याला ती चालतात, पण बिगुलाच्या पितळेवर बहुतेक वेळा पारदर्शक लेपाचा पातळ थर असतो, तो आंबटानं आणि घासण्यानं निघतो. मग खाऱ्या वाऱ्यात पितळ आणखी लवकर हिरवं पडतं. वाजवून झालं की आतलं पाणी झटकून काढ, मऊ कोरड्या कापडानं पूस, तोंडाकडचा भाग निघत असेल तर कोमट पाण्यानं धू. त्याउपर जे करायचं ते सरांना विचारून, वाद्य शाळेचं आहे.

पुढचं पत्र दोन पानांचं असलं तरी चालेल. त्यात टांगेवाल्याचं पुढे काय झालं ते लिही, मलाही उत्सुकता आहे. आणि बेस ड्रमवाल्याचं नाव.

– मावशी